उकिरड्यावर उतरलेली गाडी

अकरा डिसेंबर, सकाळी धुकं होतं. अपघातात एक पाय गेल्यापासून दादानं रान पाहिलं नव्हतं, म्हणून ढेकळांतून चालणारी, बसून नुसत्या हातांनी चालवायची जाड चाकांची छोटी गाडी उदगीरहून पिकअपमध्ये आणली. तिथं ती आडतीच्या ओट्यावरून चढवली होती. आमच्या दारात मात्र उतरवायला ओटाच नव्हता.

पिकअपवाला म्हणाला, "परत नेऊ का?"

वहिनी म्हणाली, "उकिरड्याला लावा की. तेवढाच उंच हाय."

दादा चिडला. "नवी गाडी शेणात घालतीस व्हय?"

"मग रानात काय गालिचा टाकलाय तुमच्यासाठी?"

मागचा फाळका उघडून पिकअप उकिरड्याला टेकवली. गाडी शेणावर उतरली, मागची चाकं रुतली, ती आम्ही ढकलून काढली. दुपारी दादा एकटाच रानात जाऊन आला. येताना त्यानं हरभऱ्याची ओंजळभर कोवळी भाजी खुडून आणली.