रविवारचा पहिला चेंडू

—ठेव ती जर्सी खुर्चीवर. घालून बघायची गरज नाही, अनिबाल. तुमच्या क्लबला माझं माप ठाऊक नाही? आणि फोटोवाल्याला सांग, रविवारी मैदानावरच ये म्हणावं. बेसबॉलच्या सामन्याचा मानाचा पहिला चेंडू मी टाकणार म्हटलं ना — मग टाकणार. सगळ्या सान पेद्रो गावाला तुम्ही भोंगा लावून सांगून बसलात, आता नाही कसं म्हणू?

बस. कॉफी घे. गोड वाटेल, बायकोचा हात सढळ आहे — नुरिसचा. माझा बाप ऊस तोडायचा, मीही तोडला — ह्याच हाताने. लोक म्हणतात देवाची देणगी. कसली देणगी? कोयता.

त्या सामन्याचं विचारणार ना? सगळे तेच विचारतात. शेवटपर्यंत एकालाही फटका लागू दिला नाही, लोकांनी खांद्यावर बसवून पुलापर्यंत नेलं — ते सगळ्यांना पाठ आहे. सातव्या डावात ह्या खांद्यात काहीतरी तुटलं, ते कोणाला ठाऊक आहे? ओला दोर तुटावा तसं. बाकावर येऊन बसलो, तर सगळे लांब सरकले. रीतच आहे ती — असा सामना चालू असला की चेंडू टाकणाऱ्या पिचरशी बोलायचं नाही, दृष्ट लागते. पाणी देणारासुद्धा तोंड फिरवून देत होता. मी वाट बघत होतो, कोणी तरी विचारेल — एलाडिओ, काय झालं? आपण होऊन कसं बोलणार? माझीच दृष्ट मला लागली असती. मग टाकत राहिलो. आणखी दोन डाव. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या क्लबने हात बघितला आणि परतीचं तिकीट काढून दिलं. सव्वीस वर्षांचा होतो.

आता घरातही तेच. वरच्या फळीवरचा डबा काढायला जातो, हात मधेच अडकतो — नुरिस लगेच खिडकीबाहेर बघते. शर्टसुद्धा मला तीच चढवते, आधी हा हात, मग—

काय बघतोस? सकाळी जरा आखडतो, एवढंच.

खालून टाकू? जवळ उभा राहून? अरे, लोक मला बघायला येणार नाहीत, त्या हाताला बघायला येणार आहेत. त्यांना काय दाखवू?

क्लबला नाही म्हणून सांगतोस? खबरदार! ...सांग. नको — थांब, काही सांगू नकोस.

सोड ती जर्सीची बाही. सोड म्हटलं ना! माझा मी घालीन.

ऊठ. नुरिस यायच्या आत नीघ. दार ओढून घे.