देवाला दाखवलेली कांजी

(हणमंतराव आचारी, तंजावूर. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. जमेल तितकं त्यांच्याच तोंडचं ठेवलं आहे.)

आमचे लोक इकडे कधी आले ते मला विचारू नकोस, मराठे राजे आले त्यांच्यामागून भांडी घेऊन आले असतील, राजालाही जेवायला लागतंच की, तेवढं मला कळतं. आम्ही तंजावूरचेच. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, आणि चुलीसमोर जी तोंडात येईल ती. माझे अप्पा आचारी, त्यांचे अप्पा आचारी. मला शाळेत घातलं होतं, पण मास्तर भात करपवायचे, वास शाळेपर्यंत यायचा, अशा माणसाकडून मी काय शिकणार? आलो चुलीपाशी.

काय सांगू तुला, लग्नं, मुंजी, श्राद्धं, देवळातल्या समाराधना, इथून तिरुवैयारुपर्यंत मी केली नाहीत असं घर कमी. आणि चव न घेता हां. आमच्यात नैवेद्याआधी चव घ्यायची नाही, मुद्दाम वासही घ्यायचा नाही. रसमला फेस चढला की उतरवायचं, डोळ्यांनी. फोडणी कानांनी. आताचे हे पोरगे तळहातावर सांबार ओततात, चाटतात, पुन्हा तोच हात पळीला. थू. मी त्यांना म्हणायचो, अरे कुत्रं बरं, ते निदान आचारी म्हणवत नाही.

तेव्हा ते नवीन सुरू झालं होतं ना, बुफे. रंगीत टीव्ही आले, घरोघर केबलच्या तारा आल्या, आणि लग्नात लोक उभ्यानं ताट धरून फिरायला लागले. पाण्याला बाटल्या! कावेरीच्या काठावर बसून बाटलीतलं पाणी प्यायचं. एका यजमानानं मला विचारलं, मामा, गोबी मंचूरियन येतं का. मी म्हटलं येतं, पण तुमच्या पितरांना विचारून या, त्यांना चालतं का. त्यानं मला पुन्हा बोलावलं नाही. बरंच झालं.

तर माझं तोंड, तू आजाराचं विचारलंस ना. गालाच्या आतून, जिभेच्या कडेला, जळायचं. वेत्तिलै, म्हणजे विड्याचं पान, खायचो मी, तंबाखू घालून, रात्रभर चुलीसमोर उभं राहणारा कोण खात नाही? पण माझ्या डोक्यात तंबाखू आली नाही, डोक्यात आली मिरी. आम्ही आचारी सगळ्यांच्या शेवटी जेवतो, पंक्ती उठल्यावर, थंड झालेलं, घाईत, काय खातोय बघतही नाही, आणि चुलीपाशी चव घ्यायची नाही म्हणजे जिभेला दिवसभर कामच नाही. म्हणून रसम तोंडाला झोंबलं की मी मिरीवाल्याला शिव्या द्यायचो. बदलला त्याला. दुसराही बदलला. किती महिने असे गेले कोण जाणे, त्या बिचाऱ्या व्यापाऱ्यांनी काही केलेलं नव्हतं, तरी ते चोरच होते, ती गोष्ट वेगळी.

शेवटी माझी मुलगी पद्मा, ती शाळेत शिकवते, तिनं टॉर्च घेऊन तोंडात पाहिलं आणि टॉर्च तशीच चालू ठेवून बसली. मग त्रिचीचं मोठं इस्पितळ, तुकडा काढला, तपासला. डॉक्टर तरुण होता, माझ्याशी न बोलता पद्माशी इंग्रजीत बोलला. मी म्हटलं, तोंड माझं आहे, मला सांग. तेव्हा सांगितलं, कॅन्सर, पण वेळेत आलात, मशीनचं शेकणं देऊ, आठवड्यातले पाच दिवस यायचं. गालावर जांभळ्या शाईनं रेघा मारल्या, पुसायच्या नाहीत, तिथे गोपीचंदन लावायचं नाही. मी घरी येऊन म्हटलं, आता मुद्रेचा ठसा कुठे लावू, पाठीवर? रुक्मा, माझी बायको, म्हणाली, कपाळावर लावा, देव तिथेही बघतो.

रोज सकाळी बस. पद्मानं शाळेला रजा टाकली. बसमध्ये व्हिडिओ, हीरो दहा जणांना मारतोय, आणि मागे आम्ही दोघं. ते मशीन तर काय, एवढं मोठं, एवढं किमती, आणि चूल पेटलेली दिसतही नाही. गुपचूप भाजतं. मला असल्या आचाऱ्याचा तिटकारा.

आणि घरी माणसं! आजारापेक्षा ती वाईट. हॉर्लिक्सच्या बाटल्या घेऊन येतात, माझ्या तोंडाकडे बघतात, मग माझ्या पायांकडे बघतात, मग छताकडे. एक मामी म्हणाली, पूर्वजन्मीचं काहीतरी. मी विचारलं, तुम्हाला माझा पूर्वजन्म कसा ठाऊक, शेजारी राहायचात? रुक्मानं मला आत ढकललं. सगळ्यांत वरचढ माझा मेव्हणा गुंडू, बँकेत आहे, म्हणून जगातलं सगळं त्याला कळतं. भाऊजी, तो म्हणाला, ही मशीन रक्त जाळते, पट्टुकोट्टैकडे एक वैद्य आहे, हिरवा लेप देतो. लेप घेऊनच आला होता. वास बघितला, मेंदीच होती. नवरी समजतो काय मला?

पण तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोललं. काय सांगू, थुंकी गिळायची तर डोळ्यांत पाणी. आणि चव गेली. भात तोंडात घातला तर ओला कागद, ताक घातलं तर गंज. मी आधी तोऱ्यात म्हणालो होतो, गेली तर गेली, मी कधी चव घेऊन रांधलंय? मूर्ख माणूस. रांधायला लागत नाही, जगायला लागते. मी जेवणच सोडलं. कपडे ढगळ व्हायला लागले. डॉक्टर म्हणाला, वजन असंच उतरलं तर शेकणं थांबवावं लागेल, आणि मधेच थांबलं तर आतापर्यंतचं फुकट, नाहीतर नाकातून नळी घालतो. नाकातून! ज्या माणसानं हजारो लोकांना पाटावर बसवून जेवू घातलं, त्याला नाकातून जेवण? मी म्हटलं, नळी नाही, मशीनही नाही, झालं, मी उद्यापासून येत नाही.

गुंडूला तर आनंद. म्हणाला, बघा, मी सांगितलंच होतं. पद्मा रडली. रुक्मा रडली नाही, ती स्वयंपाकघरात गेली.

आता ऐक. तीस वर्षं मी त्या बाईच्या हातच्या जेवणाला नावं ठेवली. सांबार पाणचट, भाजी जास्त शिजलेली, खरंच असायचं, खोटं नाही बोलत. तिनं त्या दिवशी भाताची कांजी केली, पेजेसारखी पातळ, मीठ नाही, मिरी नाही, आणि माझ्यासमोर आणली नाही. देव्हाऱ्यापुढे ठेवली. पाण्याचं मंडल काढलं, तुळस ठेवली, घंटा वाजवली. आणि मग ती वाटी माझ्यापुढे.

मी म्हटलं, हे काय? प्रसाद, म्हणाली. मी म्हटलं, देवाला कांजी? देव काय आजारी आहे?

असेल, ती म्हणाली. घरात एक आजारी असला तर सगळेच तेच खातात.

तुला कळतंय का तिनं काय केलं ते? जन्मभर मी पंक्तीतून फिरलो, कुणी पानात प्रसाद टाकला की त्याच्या डोक्यावर उभा राहायचो, कलेक्टर असला तरी, उचला म्हणायचो, टाकायचा नाही. बाप मेला त्या दिवशीही मी प्रसाद टाकला नव्हता. आणि या बाईनं, जिला धड रसम येत नाही, तिनं मला तिथे पकडलं. गुंडू म्हणाला, अगं अक्का, जबरदस्ती नको. मी त्याला म्हटलं, तू गप्प बस, तुझ्या लेपाला नैवेद्य दाखवता येतो का? आणि प्यायलो. अर्धा तास लागला. प्रत्येक घोटाला काच गिळल्यासारखं.

दोन तासांनी पुन्हा घंटा. मी ओरडलो, देवाला एवढी भूक? ती म्हणाली, म्हातारा झालाय, थोडं थोडं खातो.

असं चाललं. कांजी, मग नाचणीची कांजी, मग दुधात कुस्करलेली इडली, सगळं आधी तिकडे, मग इकडे. पद्मा बसमध्ये डबा आणायची, तोही देवापुढून आलेला, इस्पितळाच्या बाकावर बसून मी प्यायचो, शेजारच्या बाकावरचे लोक नळ्या घालून बसलेले, एकानं विचारलं, काय पिता? मी म्हटलं, देवाचं उष्टं. वजन वर गेलं नाही, पण उतरायचं थांबलं. डॉक्टर पद्माला म्हणाला, व्हेरी गुड. जसं काही त्यानंच घंटा वाजवली.

शेकणं पूर्ण झालं. सगळं, एकही दिवस न चुकता. शेवटच्या दिवशी मशीनला नमस्कार कर म्हणाली पद्मा. मी म्हटलं, मी आचाऱ्याला नमस्कार करत नाही, तो बिल घेतो. तपासणीला गेलो, पुन्हा गेलो, डॉक्टर म्हणाला काही दिसत नाही, येत राहा. लोक म्हणाले, देवानं वाचवलं. गुंडू म्हणतो लेपानं, तो लेप मी त्यानं दिला त्याच दिवशी गटारात टाकला, अजून त्याला सांगितलं नाही, मरू दे.

पण चव काही आली नाही. महिने गेले. खायचो, गिळायचो, काही बोलायचो नाही. रुक्मा ताटाशेजारी बसायची, मी काही म्हणेन म्हणून बघायची, काय म्हणणार? कागदाला काय नाव ठेवायचं? घर एकदम शांत झालं होतं, मलाच आवडत नव्हतं.

मग एका दुपारी, कोणता सण नाही, वार नाही, ताकभात खात होतो, आणि जिभेच्या मागच्या बाजूला काहीतरी आलं. थांबलो. पुन्हा एक घास घेतला. म्हटलं, रुक्मा, भात तळाला लागलाय.

ती उठून उभी राहिली. काय म्हणालात? म्हटलं, भात लागलाय, करपट येतंय, तीस वर्षं सांगतोय आच कमी ठेव. तेव्हा ती बाई खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली, इतके महिने रडली नव्हती ती, आणि मधेच हसायची, म्हणायची, लागलाय, हो, लागलाय, मी मुद्दाम नाही हो लावला.

सगळी चव आली नाही अजून, गोड अर्धं कळतं, आंबट कळतं. मी आता फक्त श्राद्धाचं आणि देवळातलं रांधतो, तिथे बोलणारे कमी असतात. आणि घरी रोज एक तरी खोट काढतो. कधी नसते, तरी काढतो. तिला बरं वाटतं.

बस झालं, वही मिट. आत तिनं तुझ्यासाठी उप्पुमा केलाय, खाऊन जा. चांगला झाला नसणार. सुखी राहा.