शिपायाला लागलेली तहान

आजच्या सभेच्या अध्यक्ष राजसबाई, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती प्राध्यापक हंबीरराव सर आणि चेन्नईच्या टी. नगरची गर्दी तुडवत इथवर आलेल्या मराठी बंधुभगिनींनो, नमस्कार.

मी हरिप्रिया. सरांची विद्यार्थिनी. सर आज निवृत्त होताहेत, उद्यापासून कॉलेजात त्यांच्या जागी मी इंग्रजी शिकवणार आहे. युद्ध आणि शांततेवरच्या जुन्या इंग्रजी कविता सरांसारख्या आता कोण शिकवणार? तोफांसमोर हसत जाणारे जवान, त्यांच्या थडग्यांवरचं कोवळं गवत... वर्गात डोळे भरून यायचे. आधीच्या वक्त्यांनी हे सांगितलंच. मी फक्त एका तासाबद्दल बोलते.

माझा थोरला भाऊ विजयेंद्र, माझा अण्णा, सैन्यात होता. सीमेवर सुरुंग फुटला आणि त्याचा उजवा हात कोपरापासून गेला. तो घरी आल्याचं कळताच सर म्हणाले, "त्याला वर्गात आण. मुलांना कविता नीट कळेल." अण्णाला केवढा अभिमान वाटला! इस्त्रीचा शर्ट घालून आला.

सरांनी कविता वाचली. मग अण्णाला म्हणाले, "बाही वर कर. बघू दे मुलांना."

त्याने केली.

"पडलास तेव्हा मनात काय आलं? देश? आई?"

अण्णाने जरा आठवून पाहिलं. "तहान लागली होती, सर."

सर वर्गाकडे वळले. "पाहिलंत? म्हणूनच शिपायांनी कविता लिहायच्या नसतात."

वर्ग हसला. सरांचे विनोद चांगलेच असतात.

अंबत्तूरच्या बसमध्ये अण्णाने विचारलं, "मी काही चुकीचं बोललो का ग?" त्यानंतर युद्धाचं नाव त्याने कुणापाशी काढलं नाही. आता तो एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी म्हणून बसतो, रिकामी बाही खिशात खोचून.

राजसबाई, घड्याळ दिसतंय मला, संपवतेच.

गेल्या आठवड्यात सरांचा फोन आला. "विजयेंद्रला व्यासपीठावर बसवू. शाल देऊ. मी तीच कविता म्हणेन." मी घरी सांगितलं. अण्णा जेवत होता. घास गिळून म्हणाला, "त्यांना सांग, विजयेंद्र मेला. मेलेल्या शिपायाशी त्यांचं चांगलं जमतं."

सर, निरोप पोचवला.

आपल्या मराठी मंडळाने बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. काही अधिकउणं बोलले असेन तर वडीलधाऱ्यांनी पोटात घालावं. आता सरांनी ती कविता म्हणावी, अशी माझी नम्र विनंती आहे.