सात ओळींचा रफू

(रफूच्या दुकानामागची छोटी खोली. दुपारचे अडीच. टेबलावर उघडा लॅपटॉप आणि रफूच्या कामाचा जुना दिवा. चार वाजता बारावीतल्या मुंगीची विद्यापीठ प्रवेशाची मुलाखत, याच लॅपटॉपवर. आत्या समोर बसून सराव घेते आहे. बाबा पुढे दुकानात कामाला. मधलं दार उघडं.)

आत्या : खांदे पाडू नकोस. हां, तर मुंगीबाई...

मुंगी : आत्या, तिथे मला कुणी मुंगी म्हणणार नाहीये.

आत्या : मी म्हणणार. दीड वर्षाची होतीस, स्वतःपेक्षा मोठी उशी घरभर ओढत हिंडायचीस, तेव्हापासून तेच नाव आहे. आता सांगा, तुम्हाला आमच्याच विद्यापीठात का यायचंय?

मुंगी : कारण तिथे रंगांच्या रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आहे आणि पहिल्या वर्षापासून तिथे काम करू देतात. बाकी ठिकाणी तिसऱ्या वर्षापर्यंत नुसतं बाहेरून बघायचं.

आत्या : छान. जागा किती?

मुंगी : चाळीस. अर्ज सहा हजारांच्या वर. हे ते मला कशाला विचारतील? तू उगाच विचारतेस.

आत्या : बरं, नाही विचारत. त्यांनी मुलाखतीच्या पत्राबरोबर तुझ्या अर्जाची प्रत पाठवलीय ना, तुझ्या बापाने छापून आणलेली? त्यातलंच विचारते. थांब, चष्मा. "दहावीच्या वर्षी मी सहा महिने शाळेपासून दूर राहून वडिलांच्या व्यवसायात मदत केली. त्यातून मला चिकाटी, शिस्त आणि कष्टांचे महत्त्व समजले." तर सांगा बघू, चिकाटी म्हणजे नेमकं काय शिकलात?

मुंगी : काय वाचलंस?

आत्या : आता कानही गेले का? चिकाटी, शिस्त आणि...

मुंगी : दे इकडे.

आत्या : अगं फाटेल.

मुंगी : हे मी लिहिलेलं नाही.

आत्या : असं कसं? वर तुझंच नाव आहे. फोटोही तुझाच, एवढुसं तोंड केलेला.

मुंगी : पहिला परिच्छेद माझा आहे. शेवटचा माझा आहे. हे मधलं माझं नाहीये. "कष्टांचे महत्त्व." आत्या, मी मेले तरी असं वाक्य लिहिणार नाही.

आत्या : मग काय, त्या लोकांनी घातलं?

मुंगी : त्यांना काय पडलंय? मी पूर्ण भरून ठेवला होता अर्ज. फक्त पालकांच्या सहीचं पान जोडायचं राहिलं होतं. शेवटच्या दिवशी माझी प्रयोगपरीक्षा होती, म्हणून बाबांना म्हटलं, सही करा, पान जोडा आणि निळं बटण दाबा.

आत्या : म्हणजे अर्ज त्याच्या हातात होता.

मुंगी : निळं बटण दाबा, एवढंच म्हटलं होतं.

आत्या : अरे ए, पुढे बसलायस तो. तुझी कात्री का थांबली?

बाबा : गिऱ्हाईक आलंय.

आत्या : एक माणूस नाहीये दुकानात. मला दिसतंय इथून. ये आत.

बाबा : कोट द्यायचाय पाचला.

मुंगी : बाबा, या.

बाबा : आलो.

मुंगी : हे तुम्ही लिहिलंत?

बाबा : त्या पानावर सूचना होती. पाठवण्यापूर्वी एकदा नीट तपासा. लाल अक्षरात होती.

मुंगी : ती मला होती.

बाबा : तू नव्हतीस ना तिथे. म्हणून मी वाचलं. दोनदा वाचलं. बाकी सगळं फार चांगलं होतं, बाळा, शब्द न् शब्द. फक्त मध्ये ते...

मुंगी : ते काय?

बाबा : भोक होतं.

आत्या : झालं. अरे, तो पोरीचा अर्ज होता. कुणाच्या सुटाची बाही नव्हती.

बाबा : ताई, तू थांब जरा. हे बघ बाळा, मी तीस वर्षं हेच करतोय. लोक चांगलं कापड घेऊन येतात, सगळं धडधाकट, आणि एका जागी जळलेलं असतं. माणूस नेमकं तेवढंच बघतो. सहा हजार अर्ज, तूच म्हणालीस. वाचणाऱ्याला पहिलं कारण सापडलं की तो कागद बाजूला टाकतो. मी त्यांना कारण देऊ? की ही मुलगी सहा महिने घराबाहेर पडली नव्हती?

मुंगी : मी ते त्यांना सांगायचं ठरवलं होतं. विचार करून. दोन महिने लिहीत होते ते.

बाबा : माहितेय.

मुंगी : मग?

बाबा : तेव्हा हात थांबला नाही. मी खोटं काही घातलं नाही. तू दुकानात बसायचीस ना पुढे पुढे? दोरे लावून द्यायचीस.

मुंगी : ते सहा महिने संपल्यावर, तीन आठवडे. आणि ती मदत नव्हती, बाबा. घरात एकटीला सोडायचं नाही म्हणून तुम्ही मला आणून बसवायचात. शाळेच्या समुपदेशक बाईंनी त्यांच्या शिफारसपत्रात खरं लिहिलंय. माझी परवानगी घेऊन लिहिलंय. एका कागदावर लिहिलंय मुलगी आजारी होती, दुसऱ्या कागदावर मी स्वतः म्हणतेय की मी चिकाटी शिकत होते. दोन्ही कागद त्यांच्या समोर आहेत. मला वाटतंय ते मला त्यासाठीच बोलावतायत.

बाबा : त्यासाठी कशाला बोलावतील? मार्क बघून बोलावलं असेल.

मुंगी : मार्क सगळ्यांनाच आहेत. आणि खाली मी खूण केलीय. हे सर्व लेखन माझे स्वतःचे आहे, कुणीही बदल केलेला नाही. तसं नसलं तर अर्ज रद्द. हेही वाचलंत का, लाल अक्षरात?

बाबा : ते काळ्या अक्षरात होतं. बारीक.

आत्या : बरं, आता माझं ऐका दोघं. वाजलेत पावणेतीन. जे झालं ते झालं, बाप आहे, नाक खुपसलं त्याने. मुंगे, ती दोन वाक्यं पाठ कर. विचारलं तर म्हणायचं, हो, आजारीही होते आणि दुकानातही बसत होते. दोन्ही खरंच आहे की. एवढं काय सोनं लागून गेलंय त्या परिच्छेदाला?

मुंगी : विचार तू. परत विचार.

आत्या : तर मुंगीबाई, सहा महिने वडिलांच्या व्यवसायात काय शिकलात?

मुंगी : मी... दोरा लावायला शिकले. आणि... चिकाटी. आत्या, माझे हात बघ.

आत्या : अगं, गार पडलेत. पाणी पी.

मुंगी : नको. पाणी नको. तेव्हा असंच व्हायचं. आठवतंय ना तुला? अगदी असंच सुरू व्हायचं.

बाबा : बाळा, श्वास घे. खिडकी उघडू?

मुंगी : खिडकीचं काही नाहीये. मला ते वाक्य बोलता येत नाहीये. ते माझं असतं तर मी वाट्टेल तसं ओढून ताणून बोलले असते.

बाबा : मी फोन करतो त्यांना. सांगतो, मी केलं, पोरीला माहीतही नव्हतं. काय करायचं ते मला करा.

आत्या : तुला काय करणार ते, दुकान बंद करणार? रद्द होईल तो हिचा अर्ज.

मुंगी : आणि तुम्ही फोन केलात तर तेच दिसेल. की हिच्या जागी हिचे बाबाच बोलतात.

बाबा : मग मी काय करू? ते तरी सांग. मी चार दिवस झोपलेलो नाही. पत्र आलं तेव्हापासून. प्रत छापून आणली तेव्हा वाटलं, ते एक पान बाहेर काढून ठेवावं.

आत्या : म्हणजे चार दिवस माहीत होतं तुला आणि तू कपाटावर पेढे ठेवल्यासारखा लपवत बसलास?

बाबा : भीती वाटली.

मुंगी : लाज वाटली का हो तुम्हाला? माझी? खरं सांगा. तुमच्या गिऱ्हाइकांना तुम्ही काय सांगायचात तेव्हा, ते मला माहितेय. मामाकडे गेलीय म्हणून.

बाबा : लाज नाही. कधीच नाही. तू समोर आहेस म्हणून नाही म्हणत. भीती होती. एकदा कुणी म्हटलं की हिला काहीतरी आहे, की मग जन्मभर लोक तुझ्याकडे तेवढंच बघतील. आणि खरं सांगू? त्यात माझंही होतं सगळं. मी दाराबाहेर बसलोय वगैरे. मला वाचवेना ते.

मुंगी : तुम्ही दोनदा वाचलंत म्हणालात.

बाबा : दोनदा नाही. बऱ्याचदा.

मुंगी : किती?

बाबा : सात ओळी होत्या. "दहावीच्या वर्षी मी सहा महिने घराबाहेर पडले नाही. कुणी मारलं नव्हतं, कुणी काही बोललंही नव्हतं. फक्त दाराच्या मुठीला हात लावला की श्वास अडकायचा."

मुंगी : बाबा.

बाबा : "माझे वडील रोज सकाळी दुकानात न जाता माझ्या दाराबाहेर स्टूल टाकून बसायचे आणि तिथेच रफू करायचे. त्यांनी कधी काही विचारलं नाही. पण दोऱ्याचा रंग जुळवायला उजेड लागतो, आणि आमच्या घरातल्या बोळात उजेड नव्हता. ते दोन-दोन दोरे डोळ्यांजवळ नेऊन बघत बसायचे, ते मला दाराच्या फटीतून दिसायचं. एका सकाळी मी दार उघडलं, ते त्यांना माझा टेबलावरचा दिवा द्यायला." पुढे ते रंगांचं होतं. दिव्याखाली निळा वेगळा का दिसतो आणि उन्हात वेगळा का, ते.

आत्या : मला हे कुणी सांगितलंच नाही. दिव्याचं.

मुंगी : कुणाला सांगायचं होतं? मी त्यांनाच पहिल्यांदा सांगत होते.

आत्या : आणि तू हे कापून काढलंस. मूर्खा. सगळ्या अर्जात माणसासारखं एवढंच होतं, ते काढून कष्टांचे महत्त्व घातलंस. आधी मलाच वाटलं होतं कसला परिच्छेद न् काय. मुंगे, मी मघाशी बोलले ते सोड. ते वाक्य पाठ करू नकोस.

मुंगी : करणारच नव्हते. किती वाजले?

आत्या : तीन वाजून दहा.

मुंगी : अर्जाच्या पानावर निरोपाची जागा आहे. कार्यालयाला लिहिता येतं. मी लिहिते.

बाबा : आणि त्यांनी रद्द केला तर?

मुंगी : तर केला.

बाबा : बाळा, दोन वर्षं अभ्यास केलायस तू. एवढ्याचसाठी.

मुंगी : मला नका सांगू ते. मला माहितेय. माझीच दोन वर्षं आहेत. पण तिथे बसून मी घाबरून गप्प बसले तर तसंही जाईलच. निदान माझ्या वाक्याने जाऊ दे. आत्या, शब्द नीट आहेत का बघ. "माझ्या अर्जातील मधला परिच्छेद माझा नाही. तो पाठवण्याआधी माझ्या वडिलांनी काळजीपोटी बदलला. मला हे आज कळलं. मूळ परिच्छेद खाली देत आहे."

आत्या : "काळजीपोटी" काढ. त्यांना काय करायचंय त्याच्या काळजीशी?

मुंगी : राहू दे.

बाबा : काढ ते. ती म्हणते ते बरोबर आहे.

मुंगी : बाबा, तुम्ही हात लावायचा नाही यातल्या एका शब्दालाही.

बाबा : नाही. नाही लावत.

मुंगी : आता मूळ परिच्छेद. माझ्या वहीत आहे, वही घरी आहे. आईला फोन करू?

आत्या : आई ड्युटीवर. उचलायची नाही पाचपर्यंत.

मुंगी : मग सांगा, बाबा. हळू सांगा. मी टाईप करते.

बाबा : मी?

मुंगी : जसंच्या तसं सांगा. स्वतःचं काही घालू नका.

बाबा : "दहावीच्या वर्षी मी सहा महिने घराबाहेर पडले नाही."

मुंगी : हं.

बाबा : "कुणी मारलं नव्हतं..."

आत्या : मी पुढचं शटर अर्धं ओढून येते. कुणी आलं तर सांगते, आज उशीर होईल.

बाबा : कोटवाला येईल पाचला.

आत्या : येऊ दे. एक दिवस थांबेल. तू तिला नीट सांग.

मुंगी : पुढे, बाबा.

बाबा : सांगतो.

(पावणेचार. निरोप पाठवून झाला आहे.)

आत्या : आलं का उत्तर?

मुंगी : आलंय. आत्ता. "आपला निरोप मुलाखत समितीला देण्यात आला आहे. मुलाखत ठरलेल्या वेळी होईल."

आत्या : म्हणजे चांगलं की वाईट?

मुंगी : म्हणजे मुलाखत होईल. एवढंच लिहिलंय.

बाबा : रागावलेत का, ते कळत नाहीये यातून.

मुंगी : नाहीच कळणार. चार वाजून गेल्यावर कळेल, किंवा महिनाभर नाही कळणार.

आत्या : तोंड धुऊन ये. केस नीट कर. आणि हा तुझा दिवा इकडे सरकव, तोंडावर उजेड पाहिजे, नाहीतर त्यांना काळोखातली मांजर दिसेल.

बाबा : ताई, चल. आपण पुढे बसू. खुर्चीचा आवाजही नको आत.

मुंगी : बाबा.

बाबा : काय गं? काही हवंय?

मुंगी : दार लावून घ्या. पण स्टूल आणा आणि दाराबाहेरच बसा.

बाबा : काम घेऊन बसू? तो काळा कोट आहे. पण दिवा तर तुझ्याकडे.

मुंगी : मग नुसते बसा, बाबा. आज काही शिवू नका.