तिसरं उत्तर

ताई: ते आधी बंद कर.

बारक्या: एवढा पूल ओलांडला की करतो.

ताई: चार दिवस हेच ऐकतेय. त्या दारापलीकडे बाबा पडलेत आणि तू दिवसभर या बाकावर बसून बटणं दाबतोयस. भेटायची वेळ पाचला संपते.

बारक्या: अजून पस्तीस मिनिटं आहेत.

ताई: काल पण होती. परवा पण होती. उद्या सकाळी त्यांच्या घशात नळी घालणार आहेत, कळलंय ना तुला? मग बोलणं बंद. पुढे कधी बोलतील का विचारलं, तर डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला.

बारक्या: आपल्या घरात बाबांना तसंही बोलू कोण देत होतं?

ताई: बारक्या!

बारक्या: बघ. आलं तोंडातून. म्हणून जात नाही आत.

ताई: म्हणजे?

बारक्या: हा गेम बघ. तू खेळायचीस तसलाच, काळाकुट्ट. साथ आलीय, गावंच्या गावं ओस पडलीत, आणि आपला माणूस एकटा घरी चाललाय.

ताई: मला तसले आवडायचे, कारण त्यात कोणी मध्येच दात काढत नाही. तू शेजारी येऊन बसलास की तिरडी चाललेली असायची आणि तुला खांदेकऱ्याची उडालेली टोपी दिसायची. सगळा रंगाचा बेरंग.

बारक्या: अंधारात माणूस शिट्टी वाजवतो, ती काय गाणं आवडतं म्हणून?

ताई: तू शिट्टी वाजवलीस की मला रडता येत नाही, त्याचं काय?

बारक्या: ऐक तर. यात कोणाशीही बोलायला गेलं की तीन उत्तरं समोर येतात. पहिलं मायेचं, दुसरं रागाचं, तिसरं थट्टेचं.

ताई: आणि तू तिसरं.

बारक्या: दर वेळी. नवरा गेलेली बाई भेटली, तिसरं. खड्डे खणणारा म्हातारा भेटला, तिसरं. तो तर हसला बिचारा. मला काय माहीत, गेम आतल्या आत मोजतोय. गेल्या आठवड्यात घरी पोचलो, म्हणजे गेममधल्या घरी. बाप खाटेवर, शेवटचा श्वास. म्हटलं, आता उत्तरं येतील. या वेळी पहिलं द्यायचं, अगदी ठरवून बसलो होतो. उत्तरं आलीच नाहीत, ताई. माझा माणूस आपला आपणच बोलला.

ताई: काय बोलला?

बारक्या: 'चला, घोरणं तरी थांबलं.'

ताई: अरे देवा.

बारक्या: मी काहीही दाबलं नव्हतं. इतक्या वेळा थट्टा केली की त्याच्यापाशी दुसरं काही उरलंच नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी तुझा फोन, बाबांना इथे हलवलं म्हणून.

ताई: आईच्या वेळी मात्र तू दाबलं होतंस.

बारक्या: आईचं नको काढूस.

ताई: चार वर्षं नाही काढलं. शिवणकारखान्यात तीस वर्षं काढली तिनं, अंगात ताप असला तरी मशीनवर बसायची. त्या दिवशी तू फोन केलास. म्हणालास, 'ताई, आईनं रजा घेतली. कायमची.' मी काय म्हणाले, आठवतं?

बारक्या: आठवतं.

ताई: 'घेऊ दे की बाई एकदाची.' आणि हसले. दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. खोकल्याची बाटली पिशवीत घालत होते कोणाची तरी. आई गेली हे ऐकून मी हसले, बारक्या. मामाचा फोन आला तेव्हा खरं काय ते कळलं. तुला माफ करीन मी, करूनही टाकलंय बहुतेक. पण ते माझं हसणं कानातून जात नाही.

बारक्या: मला 'गेली' म्हणता येत नव्हतं. तीनदा नंबर लावला आणि कापला. चौथ्यांदा ते निघालं. आणि तू हसलीस तेव्हा वाटलं, असू दे. अजून थोडा वेळ तरी हिला आई आहे.

ताई: हे इतक्या वर्षांत सांगितलं का नाहीस?

बारक्या: सांगायला तोंड उघडलं की भलतंच निघतं.

ताई: मग आता चार दिवस काय खेळतोयस?

बारक्या: तोच गेम, पहिल्यापासून. या खेपेला सगळीकडे पहिलं उत्तर. बापापर्यंत पोचायचंय. थट्टा न करणारा माणूस त्या वेळी काय बोलतो ते बघायचं आणि तेच आत जाऊन बोलायचं.

ताई: पाठ करून?

बारक्या: स्वतःचं येत नाही तर काय करणार?

ताई: किती राहिलंय?

बारक्या: पोचलोच. हा पूल, ते घर. आता तू ओरडत नसशील तर...

ताई: सरक जरा. मलाही बघू दे.

बारक्या: ती खाट. तो बाप. आता बोलेल. मला नाही वाचवत, तू वाच.

ताई: 'बाबा, आपले ऋण मी कधी विसरणार नाही. आता शांतपणे विसावा घ्या.'

बारक्या: पुढे?

ताई: पुढे काही नाही. काळा पडदा.

बारक्या: एवढंच? यासाठी मी कोणाला न हसवता अख्खा मुलूख तुडवला? तुला खरं सांगू, या वेळी तो खड्डे खणणारा म्हातारा मान वर करून बघतसुद्धा नाही.

ताई: हे बाबांपुढे म्हणालास तर विचारतील, कोणत्या बँकेतून आलात.

बारक्या: ताई, तू थट्टा केलीस.

ताई: केली असेल. ऊठ. वीस मिनिटं उरलीत.

बारक्या: आणि आत भलतंच बोललो तर?

ताई: तर बोल. मी शेजारी उभी राहीन. पण तू न भेटता उद्या ती नळी गेली, तर ते मी माफ करणार नाही. तुला माझ्याइतकं माहीत नाही, न बोललेलं किती वर्षं पुरतं ते.

बारक्या: हे तुझ्या पिशवीत ठेव. आत नको न्यायला.

ताई: आण इकडे. चल.

(आतली खोली. अर्धा ओढलेला पडदा. बाबा थांबत थांबत बोलतात, प्रत्येक वाक्याला श्वास गोळा करून.)

बाबा: कोण?

ताई: बारक्या आलाय, बाबा.

बाबा: आला? रोज विचारतो हिला. म्हणते, बाहेर आहे.

ताई: बाहेरच होता. रोज.

बाबा: ये. बस इथे. सगळे तोंडं पाडून येतात इथे. डॉक्टर, सिस्टर. ही पण. तू सांग काहीतरी.

बारक्या: काय सांगू?

बाबा: तुझं नेहमीचं. उद्या नळी घालणार म्हणे. त्यावर सुचलं असेल तुला.

बारक्या: नाही सुचलं, बाबा.

बाबा: काहीच नाही?

बारक्या: येतच नाहीये काही.

बाबा: अरे, असा बसू नकोस. तू गप्प बसलास की मला भीती वाटते.

बारक्या: मलापण वाटतेय, बाबा.