मंडळाच्या कागदावरचं ते पत्र

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि शहर फुटबॉल संघाच्या निवड समितीचे प्रमुख माननीय श्री. कृष्णमूर्तीसाहेब, आपल्या मराठी मंडळाचे तरुण कार्यवाह श्री. रत्नाकर, आजचे सत्कारमूर्ती चिरंजीव उमाजीराव, पुढच्या रांगेत बसलेल्या त्यांच्या मातोश्री सकवारबाई, कारखान्यातले उमाजीचे सोबती, मंडळाचे सभासद आणि माता-भगिनींनो. दाराशी उभ्या असलेल्यांनी आत यावं. खुर्च्या रिकाम्या आहेत, आणि आज मला सगळी माणसं समोर बसलेली हवी आहेत.

चिरंजीव म्हटल्यावर काहीजण हसले. हसा. सत्कारमूर्ती पस्तिशीला आले, कानशिलं पिकली, तरी माझ्या तोंडात तेच येतं. त्याचे वडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि मल्लेश्वरमच्या आमच्या गल्लीत लिंबाएवढा चेंडू लाथाडत होता. माझ्या घराच्या दोन खिडक्या त्यानं फोडल्या आहेत. तेव्हापासून मी त्याचा नागोजी अण्णा.

रत्नाकरांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. मी चिकपेटेतला कापडवाला. दहा वार मागितलं की दहा वार कापतो, वर चार बोटं जास्त सोडतो. तेवढी चार बोटं मला आज लागतील, सांभाळून घ्या.

कार्यक्रमपत्रिकेत लिहिलंय, निरोप समारंभ. उमाजी कारखान्याच्या संघातून निवृत्त झाला. येत्या बुधवारी तो कोल्हापूरला जाणार, तिथल्या एका शाळेत मुलांना फुटबॉल शिकवायला. सोबत आईला नेणार. सकवारबाईंनी उभ्या आयुष्यात तुमकूरच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नाही. तीनशे वर्षांपूर्वी आपले पूर्वज इकडे कानडी मुलखात आले, इथलेच झाले. आपलं मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे तोंडावर रुमाल धरतात. रत्नाकर, तुम्हीही पहिल्या वर्षी धरलात, मी पाहिलं होतं. कोल्हापुरात या माणसाला लोक कानडी म्हणणार, आणि इथं त्याला... इथं काय म्हणाले, तेच सांगायला उभा आहे.

पण पत्रिकेत न छापलेली एक गोष्ट आहे. मंडळाच्या पाच-सहा जणांना ती ठाऊक आहे, म्हणून ते मघापासून माझ्याकडे बघून गालात हसताहेत. उमाजीला कोल्हापूरला जावं लागणार नाही, अशी सोय झाली आहे. शहर संघाला प्रशिक्षक हवा आहे. कृष्णमूर्तीसाहेब त्याला घ्यायला राजी आहेत. समितीची अट एकच. अकरा वर्षांपूर्वीच्या वर्तनाबद्दल उमाजीनं दोन ओळी खेद लिहून द्यावा. तो कागद त्याच्याकडून घेऊन इथं, सर्वांसमक्ष, टाळ्यांच्या गजरात साहेबांच्या हाती द्यायचं काम मंडळानं माझ्यावर सोपवलं. कागद माझ्या खिशात आहे. उमाजीची सही त्यावर आहे.

थांबा, टाळ्या नकोत. अजून नकोत.

नव्या मंडळींना ते प्रकरण माहीत नसेल. एकोणीसशे छप्पनचा फेब्रुवारी. त्याआधीच्या महिन्यात मुंबईत संयुक्त महाराष्ट्रासाठी लोक रस्त्यावर आले होते, गोळीबार झाला होता, माणसं मेली होती. इथं आपल्या शहरात मुंबईचा एक संघ खेळायला आला. उमाजी आपल्या शहर संघाचा पुढच्या फळीतला खेळाडू. सामन्याच्या आदल्या दिवशी तो माझ्या दुकानात आला. म्हणाला, "अण्णा, अर्धा वार काळं कापड द्या."

मी विचारलं नाही कशाला. मापलं, कापलं, घडी करून दिलं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर दोन्ही संघ रांगेत उभे. सरकारातले एक बडे पाहुणे प्रत्येकाशी हस्तांदोलन करीत येत होते. उमाजीपाशी आले आणि थबकले. त्याच्या दंडावर माझ्या दुकानातलं कापड. पाहुण्यांनी विचारलं, हे काय? उमाजी म्हणाला, "मुंबईत मेले त्यांच्यासाठी, सर." पाहुण्यांनी हात मागे घेतला आणि पुढच्याकडे गेले. पंचांनी फीत काढायला सांगितलं. यानं मान हलवली. कारखान्याचे व्यवस्थापक धावत आले. कारखान्यानं याला खेळण्यासाठीच नोकरीवर घेतलेलं, सकाळी हजेरी आणि दुपारी मैदान. ते म्हणाले, पगार कशाचा घेतोस रे? तर हा म्हणतो कसा, "पायांचा घेतो, सर. फीत दंडाला आहे."

असा आगाऊ. लहानपणापासून असाच.

लोक बिथरले. तुमचा माणूस मुंबईवाल्यांना जिंकू देणार, असं माझ्या शेजारी बसलेला माणूस मला ऐकवीत होता. आणि सत्तराव्या मिनिटाला या पोरानं मुंबईच्या जाळ्यात गोल घातला. आपण एक-शून्यनं जिंकलो. तोच माणूस मला मिठी मारून नाचला. ज्यांच्यासाठी फीत बांधली त्यांच्याच गावाला यानं हरवलं, आता याच्या इमानाबद्दल कोण काय बोलणार, असं मला वाटलं. तीन आठवड्यांनी शहर संघातून त्याचं नाव गेलं. पुन्हा कधी आलं नाही. चोवीस वर्षांचा होता. पुढं दहा वर्षं कारखान्याकडून खेळला, पण शहराचा सदरा त्याच्या अंगावर चढला नाही. भारताच्या संघासाठी ज्यांची नावं घेतली जात, त्यांत याचं नाव होतं, हे साहेबांना ठाऊक आहे.

त्या वेळी याच सभागृहात माझं भाषण झालं होतं. विषय, खेळाडूनं मैदानात राजकारण आणावं का? जुन्या सभासदांना आठवेल, टाळ्या फार पडल्या. मी म्हणालो होतो, देवळात जाताना चपला बाहेर काढतो, तसं राजकारण मैदानाबाहेर काढून ठेवावं. खोटं कशाला बोलू, आजही माझं मन पुरतं बदललेलं नाही. उद्या अकरा जण अकरा रंगांच्या फिती बांधून उतरले तर सामना बघायचा कुणी? मी उमाजीला हे तोंडावर सांगितलं आहे. त्यावर त्यानं खिशातून एक पोस्टकार्ड काढून माझ्यापुढं ठेवलं होतं. आदल्या वर्षी तो मुंबईला खेळायला गेला, तेव्हा एका गिरणी कामगाराच्या खोलीत पंधरा दिवस राहिला होता. घरची बाई स्वतः जमिनीवर निजायची आणि याला खाट द्यायची. तिचा धाकटा दीर दूध आणायला गेला आणि गोळीबारात सापडला. कार्डावर एवढंच होतं. उमाजी म्हणाला, "अण्णा, मला राज्याचं, सीमेचं काही कळत नाही. मी त्यांच्या घरचं जेवलोय. मी काय करायला हवं होतं?" मी म्हणालो, बरं बरं, चहा घे.

चिठ्ठी मिळाली रत्नाकर. "कागद देऊन आटोपतं घ्यावं." सरी, बरं, आटोपतो. स्वल्प दम धरा.

काल संध्याकाळी मी उमाजीच्या घरी सही घ्यायला गेलो. मला वाटलं होतं हा चिडेल, मला हाकलून देईल. मनातून तसं व्हावं असंही वाटत होतं. त्यानं कागद वाचला, आईकडे पाहिलं आणि सही केली. मी विचारलं, अरे, तुला पटतंय का? तो म्हणाला, "नाही पटत, अण्णा. पण त्या वेळी सगळं गाव माझ्यावर उलटलं तेव्हा मंडळ माझ्यामागं उभं राहिलं. तुम्ही माझ्यासाठी पत्र लिहिलंत. आता मंडळच म्हणतंय तर मंडळाचं नाक मी कापणार नाही."

सकवारबाईंनी मला त्यावर ताटलीत चिरोटे दिले. दर संक्रांतीला ही माउली तीळ, गूळ, खोबऱ्याचा एळ्ळू घेऊन माझ्या दारात येते. माझ्या पोरासाठी लिहिलंत म्हणून, असं दरवर्षी म्हणते. अकरा संक्रांती झाल्या. मी अकरा वर्षं तो एळ्ळू खाल्ला आहे.

आता ते पत्र ऐका. त्याची प्रत माझ्याकडे आहे, अस्सल कृष्णमूर्तीसाहेबांच्या फायलीत असेल.

सामन्याच्या चौथ्या दिवशी चिकपेटेत माझ्या शेजारचा दुकानदार सहज म्हणाला, "एनण्णा, निम्म हुडुग हीगे माडिदना?" काय अण्णा, तुमच्या पोरानं असं केलं का? भला माणूस, त्याच्या मनात काही नव्हतं. पण मला त्यातला 'तुमच्या' टोचला. तीनशे वर्षं आपण इथले, आणि एका फितीनं तुमचे-आमचे झालो. त्या रात्री मला दुकानाची फुटलेली काच दिसत होती. फुटली नव्हती, हो. कुणी खडासुद्धा मारला नाही. फुटली ती माझ्या डोक्यात. सकाळी उठून मी मंडळाच्या कागदावर पत्र टाइप केलं. मी तेव्हा कार्यवाह होतो. कुणाला विचारलं नाही. वाचतो.

"सदर खेळाडूच्या वर्तनाशी आमच्या मंडळाचा अथवा येथील मराठी समाजाचा काडीमात्र संबंध नाही. त्याच्यावर योग्य ती कारवाई झाल्यास आमची हरकत असणार नाही. आपला नम्र, नागोजीराव."

बसा, बसा. कुणी उठू नका. उमाजी, तूही बस बाबा, मला पुरं करू दे.

साहेब, तुम्ही मान खाली घालू नका. तुमचा दोष नाही. तुमचं मराठी माझ्या कानडीइतकंच चांगलं आहे आणि तुम्हाला प्रत्येक शब्द कळतोय. तुम्हीच मला पुढं एकदा सांगितलंत की समिती याला ताकीद देऊन सोडणार होती. तिघांतले दोघे तसंच म्हणत होते. मग माझं पत्र आलं. त्याची स्वतःची माणसं म्हणतात हरकत नाही, तर आपण कशाला भांडायचं? विषय संपला. हे मला कळलं तेव्हाही मी गप्प बसलो.

आणि उमाजीला मी काय सांगितलं? तो दुकानात आला, चेहरा उतरलेला. मी म्हणालो, मंडळाच्या वतीनं तुझ्याबद्दल पत्र दिलंय रे बाबा. यात एक अक्षर खोटं होतं का? नव्हतं. तो वाकला आणि माझ्या पाया पडला. मी पडू दिलं.

मंडळी, अकरा वर्षांपूर्वी मी इथं उभा राहून विचारलं होतं, मैदानात राजकारण कुणी आणावं का? या मुलानं दंडाला एक फीत बांधली, नव्वद मिनिटं प्रामाणिकपणे खेळला, घरी गेला. राजकारण मी आणलं. बुटाला माती न लागू देता, मंडळाच्या कागदावर आणलं. भ्यालो म्हणून आणलं. आणि त्या सभेत टाळ्या घेतल्या त्या मीच.

आता हा उमाजीनं सही केलेला कागद. हा मी साहेबांना देणार नाही. फाडणारही नाही, तो हक्क माझा नाही. त्याला प्रशिक्षकाची जागा हवी असेल, आईला तिच्या घरात राहू द्यायचं असेल, तर हा कागद त्याला कामाचा आहे. पण त्यानं सही केली ती मंडळ आपल्या पाठीशी होतं असं समजून. मंडळ पाठीशी नव्हतं. हे ऐकल्यावरही द्यावासा वाटला तर त्यानं आपल्या हातानं द्यावा. रत्नाकर, एवढा कागद त्याच्याकडे पोचवा.

साहेब, तुमच्या समितीला छप्पन सालच्या वर्तनाबद्दल दोन ओळी खेद हवा आहे ना? तो मी लिहून आणला आहे. मंडळाच्या कागदावर नाही, दुकानाच्या बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. "फेब्रुवारी १९५६ मधील माझ्या वर्तनाचा मला खेद आहे. उमाजी मल्लेश्वरमच्या आमच्या गल्लीतला मुलगा असून त्याच्या फितीशी माझा पूर्ण संबंध आहे, कारण ते कापड मी कापून दिले." खाली माझी सही. तुमची अट यानं पुरी होते का, ते तुम्ही ठरवा. उद्या सकाळपर्यंत ठरवलंत तर बरं, बुधवारची तिकिटं काढलेली आहेत.

सकवारबाई, तुमच्याकडे बघण्याचं धैर्य मला आत्ता नाही. तुम्ही उठून निघालात तर मी समजेन. येत्या संक्रांतीला माझं दार वगळलंत तरी समजेन.

उमाजी, जाऊ नकोस असं सांगायला मी कोण? पण तू इथलाच आहेस. हे मला छप्पन साली लिहिता आलं असतं.

अध्यक्षमहाराजांनी वेळ दिला, मंडळानं बोलायची संधी दिली, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, सर्वांचा ऋणी आहे. जुना माणूस आहे, बोलण्याच्या भरात कुणाला अधिक-उणं लागलं असेल, वेळेचं भान सुटलं असेल, तर ते मोठ्या मनानं पोटात घाला. पत्राचं मात्र पोटात घालू नका. नमस्कार.