झेंड्यावरचं दंव

सन्माननीय अध्यक्ष, आमचे ग्रामप्रमुख कुझुमी-सान. शहरातून मुद्दाम आलेले पोलीसप्रमुख उसामी साहेब. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमच्या चौकीचे इसोगाई-सान आणि त्यांच्या पत्नी मिसाओ-सान. आणि गुडघे कुरकुरत असूनही चटयांवर शहाण्यासारख्या बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो, तोयो हिरासावाचा सगळ्यांना वाकून नमस्कार.

मी चारच बुकं शिकलेली बाई. गोड बोलायचं काम कुझुमी-सानांनी केलंय, ते मी पुन्हा करत नाही.

इसोगाई-सान नऊ वर्षं चौकीत राहिले. पुढे टेबल, मागे संसार. ते फेरीला गेले की फोन मिसाओ-सान उचलायच्या. अस्वल परसात आलं तरी त्यांनाच फोन, नवरा रुसून गेला तरी त्यांनाच. ती चौकी सोमवारपासून बंद. साहेबांनी मघाशी कारण सांगितलं : छपराला पैसा मंजूर होत नाही, आणि तीन वर्षं जाहिरात देऊन इथे राहायला एकही जोडपं मिळालं नाही. अहो साहेब, मिळेल कसं? पगार एकाला आणि राबायचं दोघांनी! यायला नाही म्हणाली ती बायको शहाणीच म्हणायची. आता मंगळवारी आणि शुक्रवारी गस्तीची गाडी येणार म्हणे. म्हणजे आम्ही घसरून पडायचं ते सोमवारी संध्याकाळी, बेत करून.

हसताय काय? मला भीती वाटते.

आमच्या खोऱ्यात एकट्या माणसानं सकाळी उठून दाराशी पिवळा झेंडा लावायचा आणि संध्याकाळी आत घ्यायचा. झेंडा दिसला, म्हातारी जिवंत. इसोगाई-सानांनीच हे सुरू केलं. पण दोन हिवाळ्यांपूर्वी मी आळस केला. बर्फातून दोनदा कोण जाणार? राहू दे बाहेरच, म्हटलं. त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात पडले. खुबा मोडला. हाक मारली तर ऐकायला मांजरसुद्धा नाही. सकाळी वाटेवरून शेजारी गेले, टपालवाला गेला. झेंडा बघून सगळे खूश.

इसोगाई-सान मात्र सायकलवरून उतरले. कापडाला हात लावला. गोठून कडक! आत्ता लावलेल्या झेंड्यावर रात्रीचं दंव कसं? कडी मोडून ते आत आले, तर मी पडल्या पडल्या ओरडले, "आधी बूट काढा!"

ते म्हणाले, "आजी, तुम्ही जगणार."

साहेब, गाडीतून झेंडा दिसतो. दंव दिसत नाही. दंव बघायला माणूस खाली उतरावा लागतो, आणि ही म्हातारी आळशी आहे हे त्याला ठाऊक असावं लागतं. असा माणूस भरती करायला पैसा लागतो, कबूल. पण चौकी बंद होणार कळल्यापासून काय झालंय ते ऐका. या खोऱ्यात कुणी झेंडा आत घेत नाही. विचारलं तर म्हणतात, "आता बघणार कोण, तोयो-सान?" माझ्यासारख्याच एकट्या उमेनोनं तर तो दोरीनं खांबालाच बांधून टाकला. म्हणाली, "मेले तरी फडफडत राहील, कुणाला त्रास नको."

उमेनो… कुठे बसलीय ती? मिसाओ-सान, तुमच्यासाठी मुळ्याचं लोणचं आणणार होती ना? सगळ्यांच्या आधी येऊन खोड्या काढणारी बाई. तिची बसायची उशी रिकामी का?

कुझुमी-सान, माझा हात धरू नका. आज सकाळी मी तुमच्याच गाडीतून आले. तिच्या दारावरून आलो. झेंडा होता, म्हणून मीही खूश झाले. कुणी फोन केलाय का तिला? अनोळखी फोनच्या भीतीनं ती उचलतच नाही, हे विसरलेच.

इसोगाई-सान, महिनाअखेरपर्यंत गणवेश तुमचाच ना? उठलात? बरं केलंत. मागच्या दारानं जा, पुढची कडी गंजलीय.

मंडळी, आभार मानायचे राहिले, ते मनापासून मानले असं समजा. बोलता बोलता कुणाला लागलं असेल तर म्हातारीची जीभ म्हणून सोडून द्या. टाळ्या नकोत, गप्प बसा जरा, खिडकी उघडा. तिचं घर इथून तिसरंच.

इसोगाई-सान! ती "बूट काढा" म्हणाली, तर इथवर ऐकू येईल असं ओरडा.